बरणीतला विसरा

मेंढरू मेलं की वस्तीवरची माणसं आधी केवळाबाईला हाक मारायची आणि मग सुरी शोधायची.

वालूरच्या शिवारात ओढ्याच्या अंगाला धनगरांची तेरा-चौदा घरं होती. कुडाच्या भिंती, वर कपाशीच्या पऱ्हाट्यांचं छप्पर, आणि घरात माणसापेक्षा कोकराची बडदास्त जास्त. केवळाबाई तिथं सून म्हणून आली तेव्हा सासूनं विचारलं, "काय काय येतं गं तुला?" भाकरी येते, लोकर कातता येते, असं काही सांगावं की नाही पोरीनं! ही म्हणाली, "मेंढरू कशानं मेलं ते सांगता येतंय." सासू बघतच राहिली. पुढं आठ दिवस तिनं सुनेच्या हातचं खाल्लं नाही म्हणतात.

बापानं शिकवलं होतं तिला. त्याला पाच पोरी, पोरगा नाही, आणि ही थोरली. शाळेत ती दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी कोकरू हरवलं, ते हुडकता हुडकता शाळाही हरवली. पण बाप मेलेलं जनावर उघडायला बसला की ही पाण्याची तपेली धरून शेजारी बसायची. बाप म्हणायचा, "मेलेल्याला आधी इचारावं, बाबा रे, कशानं गेलास? त्याचं तोंड मिटलेलं असतंय, म्हणून पोटाला इचारायचं. गेलेलं काय उठून बसत न्हाई. पर मागं शंभर उभी हायती, त्यांच्यासाठी इचारायचं."

काळजात पानासारखे चपटे किडे निघाले तर कळप तळ्याच्या ओलीवर नेऊ नये. मेंढराच्या चार पोटांतल्या एकात कोवळ्या जोंधळ्याचे फुटवे निघाले तर त्या रानाकडं फिरकू नये. फुफ्फुस बरगडीला चिकटलेलं असलं तर खोकणारी मेंढरं वेगळी बांधावी. आणि नाकातोंडातून काळं रक्त आलेलं जनावर असलं, तर सुरी तिथंच खाली ठेवावी, हातसुद्धा लावू नये, खोल खड्डा करून चुना टाकून पुरावं. एवढी विद्या. ती केवळाबाईनं जन्मभर वापरली, आणि तिच्या एका शब्दावर वस्तीचे कळप ह्या शिवारातून त्या शिवारात हलत.

नवरा रायभान, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. पोरगा ग्यानबा, एकुलता एक, बावीस वर्षांचा. तो सातवीपर्यंत शिकला होता. वस्तीवर कुणाचं पत्र आलं, दवाखान्याची चिठ्ठी आली, की ग्यानबाला बोलवायचं. एसटीची पाटी तर तो लांबूनच वाचायचा आणि मग ऐटीत सांगायचा, "ही आपली न्हाई, ही मानवतची." जसं काही गाडी त्याच्याच घरची होती.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. भादव्यात कपाशीवर फवारणी चालली होती. व्यंकटराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी, पोलीस पाटीलही तोच. त्याच्या बांधावर औषधाचे रिकामे डबे पडले होते. पत्र्याचे, पांढरे, गच्च झाकणाचे. वस्तीवर असा डबा विकत कोण घेणार? बाया चारायला गेल्या की एकेक उचलून आणत. केवळाबाईनं दोन आणले. राखेनं घासले, चिंचेनं घासले, तीनदा कढत पाण्यानं धुतले. वरचा कागद, त्यावरच्या तांबड्या चित्रासकट, खरवडून काढला. वास घेतला. काही नाही. डबा आरशासारखा झाला.

एकात तिनं मीठ भरलं. दुसरा नेऊन दिला भागुबाईला.

भागुबाई म्हणजे रायभानची चुलती. सत्तरीची, विधवा, पोटी काही नाही, वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. तिचं तेलाचं गाडगं चिरलं होतं. "घ्या काकी," केवळाबाई म्हणाली, "घाण्यावरनं तेल आणलाव ना, त्याला हा डबा घ्या."

"लय चकचकीत हाय की गं! ह्यात तेल ठिवू का तोंड बघू?"

"तोंड बघून काय करताव, दात तर एक न्हाई."

म्हातारी खूप हसली. दात नव्हते म्हणून ती स्वतः भाकरी दुधात कुस्करून खायची. तेल-तिखट तिला चालत नव्हतं. तेल होतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. वस्तीवरचं कुठलंही पोर तिच्या दारावरून गेलं की चतकोर भाकरी, वर तिखट, आणि करडीच्या तेलाची धार. नको म्हणून चालायचं नाही.

दसरा तीन आठवड्यांवर आला होता तेव्हा वस्तीवरच्या सुलाबाईची गोदी गेली. पाच वर्षांची पोर. सकाळी खेळत होती, एकाएकी हातपाय आवळले, तोंडाला फेस आला, आणि ऊन चढायच्या आत खेळ संपला. वारं लागलं म्हणाले. केवळाबाई आणि रायभान त्या दिवशी मानवतच्या बाजाराला कोकरं घेऊन गेले होते. परत आले तर ओढ्याच्या पलीकडं ताजी माती दिसली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ग्यानबा भागुबाईच्या दारावरून मेंढरं घेऊन निघाला. म्हातारीनं त्याला थांबवून अख्खी भाकरी घातली. डबा तिरपा करून तळचं तेल त्याच्या तिखटावर ओतलं. "जवान हायस, खा!" तासाभरानं मेंढरं एकटीच माघारी आली. ग्यानबा बांधावर सापडला. फेस, आवळलेल्या मुठी, उलटलेले डोळे. व्यंकटरावाच्या ट्रॅक्टरवर घातला, पण वालूर यायच्या आधीच त्याची धडपड थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढली, आणि मग ट्रॅक्टर वस्तीवर माघारी आणला.

सुलाबाई धावत आली ती छाती बडवत. "माझी पोर बी तिच्याच हातचं खाऊन गेली! त्या दिशी सकाळी तिनंच वाढलं होतं! ही म्हातारी करणी करायलीय. सोताला न्हाई लेकरू, आमची खायलीय!"

सगळ्यांनी भागुबाईच्या घराकडं पाहिलं. म्हातारी दारातच उभी होती, हातात अजून भाकरीचं टोपलं. आणि खरं सांगायचं तर केवळाबाईनंही तिच्याकडं पाहिलं, आणि तिच्या मनात तेच आलं जे सुलाबाईच्या तोंडात आलं होतं.

पण करणीनं मेलेलं मेंढरू तिनं आजवर पाहिलं नव्हतं. उघडलं की काही ना काही निघायचंच.

व्यंकटराव म्हणाला, "जवान माणूस असा गेल्यावर पंचनामा करावा लागंल. दवाखान्यात न्यावं लागंल."

वस्तीचा म्हातारा पंच धुळबा काठी आपटून उभा राहिला. "चिरफाड? आमच्या पोराची? दोन दोऱ्या मारून गाठोडं करून देतेत ते. तसल्या मढ्याला माती देताना हात धजत न्हाई. पाटील, तुमी मिटवून घ्या."

व्यंकटराव घुटमळला. त्याला मिटवता आलं असतं. तेव्हा केवळाबाई पोराच्या उशाशी होती, ती तिथूनच बोलली.

"मामा, तुमचं मेंढरू मेलं की कुणाला बोलवताव?"

"तुला."

"कशाला?"

धुळबा खाली बसला.

"मेंढरासाठी पोट उघडायचं, अन माझ्या लेकरासाठी न्हाई? त्याची किंमत मेंढरापेक्षा कमी हाय व्हय? मला बघायचंय कशानं गेला ते. न्या त्याला."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यामागं पत्र्याची एक खोली होती. तिथं किशनराव नावाचा माणूस कामाला होता. उघडायचं काम हात त्याचे करायचे, बघायचं काम डॉक्टरचे डोळे. डॉक्टर तरुण होता, सोलापूरकडचा. केवळाबाई दारात जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, काळीज नीट बघा. अन चौथ्या पोटापस्तोर बघा, तिथंच असतंय बहुतेक."

डॉक्टरला कळेना. "चौथं पोट कुणाला असतं, मावशी? माणसाला एकच पोट असतं."

"एकच?" ती म्हणाली. "अन एवढी खातेत?"

किशनराव हसला, आणि लगेच त्यानं तोंड फिरवलं, कारण ती हसत नव्हती. मग त्यानं तिला हाताला धरून लिंबाखाली नेऊन बसवलं. "हितं बसा, माय. आपल्या लेकराचं आपण बघू नये." तो आत गेला. दार लागलं. केवळाबाई कान देऊन बसली. सुरी कुठं लागली, कुठं थांबली, तिला आवाजावरून कळत होतं. मेंढराचं आणि माणसाचं तेवढं सारखंच.

आतलं काम उरकल्यावर कारकुनानं कागदावर रायभानचा अंगठा घेतला. रायभाननं विचारलं, "साहेब, काय निघालं?"

कारकुनाच्या दाराशी आणखी चार माणसं उभी होती. मान वर न करता तो म्हणाला, "डोळ्याला दिसेल असं काही नाही. विसरा." मग पुढच्या माणसाचा कागद ओढला. "विसरा औरंगाबादला."

रायभान खाली मान घालून आला. केवळाबाईनं विचारलं, "काय म्हणले?"

"काय निघालं न्हाई म्हणले. विसरा म्हणले."

"विसरा म्हणले?"

"व्हय. अन औरंगाबादचं कायतरी म्हणले."

केवळाबाई त्या बंद दाराकडं बघत राहिली. आपलं पोर उघडून बघितलं, आणि वर सांगतात काय, तर विसरा! ती थुंकली, आणि ट्रॅक्टरवर चढली.

वस्तीनं ह्या एका शब्दाचं काय केलं ते ऐका. डॉक्टरनं उघडून पाहिलं आणि काही निघालं नाही. मग जे दिसत नाही असं काय असतं? करणी! डॉक्टरलासुद्धा कळलं असणार, म्हणून तर तो विसरा म्हणाला, असं बायाबायांत ठरून गेलं. भागुबाईला चुलीसाठी कुणी विस्तव देईना. विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला होत, मग दोर मिळेना, मग एक दिवस तिची घागरच फुटली. कुणी फोडली ते कुणी पाहिलं नाही, चौदा घरं होती तरी. तिच्या छपरावर दगड पडू लागले. शेवटी धुळबानं पंच बसवले आणि सांगितलं, "गुढीपाडवा झाला की आपून मेंढरं घेऊन रानोमाळ जायचं. मागं बाया-लेकरं राहत्यात. तवा पाडव्याच्या आत हिनं वस्ती सोडावी. न्हाईतर मग जे व्हईल त्याला आमी जबाबदार न्हाई."

सत्तर वर्षांची म्हातारी जाणार कुठं? तिला माहेर राहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मरायचं, हाच त्याचा अर्थ, आणि बसलेल्या सगळ्यांना तो माहीत होता.

केवळाबाई त्या दिवशी काही बोलली नाही. रायभानही बोलला नाही, पण त्याचं ते नेहमीचंच. तिला झोप नव्हती, भूक नव्हती. भागुबाईच्या दारावरून जायचं ती टाळायची. एकदा म्हातारी समोर आलीच. म्हणाली, "केवळा, तू तरी सांग गं. मी माझ्या ग्यानबाला खाईन व्हय?" केवळाबाई बाजूनं निघून गेली. हे तिनं केलं, आणि पुढं मरेपर्यंत ती ते सांगायची. लपवलं नाही.

चौऱ्याण्णव साल उजाडलं. संक्रांत आठ दिवसांवर होती. वालूरच्या बाजारात केवळाबाई मेथीच्या जुड्या बघत होती, तेव्हा मागून आवाज आला.

"ओ माय, चौथ्या पोटवाल्या! विसऱ्याचं काय आलं?"

किशनराव होता. हातात पिशवी, पिशवीत वांगी. केवळाबाईचं डोकंच फिरलं.

"लाज न्हाई वाटत इचारायला? तुमीच म्हणलाव ना विसरा! माझं लेकरू टराटरा फाडलाव अन म्हणताव विसरा! तुमची लेकरं गेल्यावर विसरताव का तुमी?"

बाजारातली चार माणसं थांबली. किशनरावाला आधी काही कळेना. मग कळलं, तसा तो मेथीवालीच्या पोत्यावरच बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"अवो माय! विसरा म्हंजी इसरून जा न्हाई! विसरा म्हंजी पोटातला माल. डॉक्टर विंग्रजीत तसं म्हणतेत. पोटाचा तुकडा, काळजाचा तुकडा, पोटात जे खाल्लेलं हुतं ते, समदं मिठाच्या पाण्यात घालून मीच बरणीत भरलं. मीच लाख लावली. औरंगाबादला पाठवायचं असतंय तपासायला. डोळ्याला दिसत न्हाई ते तिथं दिसतंय. तीन महिने झाले, अजून काय आलं न्हाई म्हणून तर इचारायलोय!"

केवळाबाईच्या हातातली जुडी खाली पडली.

"म्हंजी माझं लेकरू अजून बरणीत हाय?"

किशनराव हळू आवाजात म्हणाला, "हाय. तुमी इसरला न्हाईत ना? मग झालं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावापायी आमची घरं जाळली, माय. तवा बी लोक आमाला म्हणायचे, विसरा. आमी विसरलाव का? सोळा वर्सं झाली. चला, डॉक्टरकडं चला."

डॉक्टरनं कागद काढून पाहिले. बरणी पोलिसांकडं दिल्याची सही होती, पुढं काही नव्हतं. तो ओशाळला. त्यानं केवळाबाईला खुर्ची दिली, ती खाली बसली. मग त्यानं तिला समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं म्हणायचं, कारण तिला शेवटपर्यंत पाठ होतं.

"मावशी, रोग हुडकणारे आम्ही सगळे एकच काम करत नाही. एकजण जिवंत माणसाचं रक्त, लघवी, थुंकी तपासतो. एकजण आजारी जागेचा नखाएवढा तुकडा घेतो, त्याचा कागदाहून पातळ पापुद्रा करून काचेवर ठेवतो आणि दुर्बिणीतून बघतो. गाठ साधी की वाईट, ते तो सांगतो. एकजण रोगाचे किडे वाढवून बघतो, डोळ्याला न दिसणारे. माझ्यासारखा मेलेल्याला उघडतो. आणि एकजण फक्त विष हुडकतो. तो औरंगाबादला आहे. त्याच्याकडं तुमची बरणी जायला पाहिजे."

"एवढे जण?" केवळाबाई म्हणाली. "आमच्यात मी एकलीच समदं करते."

"म्हणून तुम्हाला मेंढराचं कळतं आणि आम्हाला माणसाचं लवकर कळत नाही," डॉक्टर म्हणाला. "मेलेल्याला आम्ही उगाच त्रास देत नाही, मावशी. तो कशानं गेला हे कळलं तर बाकीचे वाचतात. आणि ज्याच्यावर नाहक आळ येतो, तो सुटतो."

बापाचेच शब्द. फक्त ह्याच्या अंगात पांढरा कोट होता. आणि त्यातलं शेवटचं वाक्य बापानं कधी सांगितलं नव्हतं. मेंढरं एकमेकांवर आळ घेत नाहीत.

बरणी पोलीस चौकीच्या कपाटात होती. लाखेचं शिक्कामोर्तब, वर चिकटवलेला कागद. हवालदार वैतागून म्हणाला, "मावशी, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायलेत. साऱ्या मराठवाड्यात बंदोबस्त लागलाय. आमाला जेवायला टाईम न्हाई, अन तुमी बरणी घेऊन बसलाव!"

"मी कुठं बसलेय? तीन महिने तुमीच घेऊन बसलाव."

ती चौकीच्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं येऊन पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशीही. घोंगडी, भाकरी, आणि कातायला लोकर. चातीवर सूत उतरत होतं, आत वायरलेस खरखरत होता, जीपगाड्या येत होत्या आणि जात होत्या. कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "आत माझं लेकरू हाय. त्याला औरंगाबादला जायचंय." नवीन शिपायांना वाटायचं, पोरगा कोठडीत आहे.

संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. किशनराव त्या दिवशी पांढरा सदरा घालून चौकीवरून गेला, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि डोळे पुसत पुढं गेला. त्यानंतर चार दिवसांनी बंदोबस्त ढिला झाला, आणि तोच हवालदार बरणी पिशवीत घालून औरंगाबादच्या एसटीत बसला. केवळाबाई खिडकीखाली उभी राहिली. "मांडीवर ठिवा," ती म्हणाली. "वर टाकू नगा." हवालदारानं बरणी मांडीवर घेतली.

उत्तर आलं ते फाल्गुनात, होळी झाल्यावर. पाडवा आठवड्यावर होता.

डॉक्टरनं कागद दोनदा वाचला. "मावशी, पोटात विष निघालं. कपाशीवर मारतात ते फवारणीचं औषध. तेलातून गेलंय. हे औषध पाण्यानं निघत नाही, पत्र्याच्या जोडात बसून राहतं आणि तेल घातलं की तेलात उतरतं. घरात कुणी औषधाच्या डब्यात तेल ठेवलं होतं का?"

केवळाबाईनं पदर तोंडावर घेतला.

ती त्या दिवशी एसटीनं आली नाही, चालत आली. बांधाबांधानं, उन्हाचं. सगळं जागच्या जागी बसलं होतं. डबा तळाला आला होता म्हणून ग्यानबाला जास्त गेलं. गोदी लहान म्हणून थोड्यात गेली. म्हातारी दुधात कुस्करून खायची म्हणून राहिली. आणि डब्यावरचा कागद! वस्तीवर वाचणारा एकच होता, आणि तो कागद त्याच्या नजरेला पडायच्या आत हिनं राखेनं घासून काढला होता.

डबा कुणी दिला हे दोघींनाच ठाऊक. भागुबाईनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिच्या मनातच आलं नव्हतं. दगड खाल्ले पण डब्याचा विषय नाही. आता केवळाबाईनं एवढंच सांगितलं असतं की पोटात औषध निघालं, फवारलेल्या रानातलं काहीतरी खाल्लं असेल, तर कुणी पुढं विचारलं नसतं. म्हातारी सुटली असती, हीही सुटली असती. ओढ्यापर्यंत येईतो हा विचार तिच्याबरोबर चालत आला, हे तीच सांगायची.

पण ओढ्यावर वस्तीवरच्या रंगनाथची बायको पाणी भरत होती. पांढऱ्या डब्यानं.

संध्याकाळच्या आत तिनं वस्ती गोळा केली. धुळबा, बाया, पोरं, व्यंकटरावही आला. भागुबाई आपल्या दारात बसली, पुढं यायची तिची हिंमत नव्हती.

"करणी न्हाई," केवळाबाई म्हणाली. "पोटात इख निघालं. कपाशीच्या औषधाचं. पांढऱ्या डब्यातनं तेलात आलं, तेलातनं लेकरांत."

"म्हंजी म्हातारीनंच इख घातलं!" सुलाबाई उठलीच. "बघा, मी म्हणत नव्हते!"

"तिच्या डब्यातनं गेलं. पर तिला डबा कुणी दिला ते इचार ना."

"कुणी?"

"मी."

भागुबाईच्या दाराकडं लागलेल्या माना तिच्याकडं वळल्या.

"मी आणला बांधावरनं. मी घासला. मी तिच्या हातात दिला, घ्या काकी म्हणून. तुझ्या गोदीला अन माझ्या ग्यानबाला म्हातारीनं वाढलं ते मायेनं. इख माझ्या हातचं हुतं. वस्तीतनं काढायचं आसंल तर मला काढा."

व्यंकटरावानं मान खाली घातली. डबे त्याच्याच बांधावरचे होते. तो म्हणाला, "उद्यापासनं डबे मी जमिनीत गाडतो."

केवळाबाई घरात गेली, मिठाचा डबा आणला, मीठ मातीत ओतलं आणि कुऱ्हाडीनं डब्याच्या बुडाला भोक पाडलं. "घराघरातनं आणा," ती म्हणाली. एक आला, दोन आले. पाण्याचे, पिठाचे, एकीनं तर लेकराच्या दुधाचा आणला. अंधार पडायच्या आत ढीग झाला. केवळाबाईनं एकेक फोडला. पाणी ठरू नये असा.

मग ती भागुबाईच्या दारात गेली. म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "म्हंजी मीच वाढलं का गं त्यांला? हट्टानं वाढलं."

"तुमी वाढलं. मी दिलं."

"आता काय करावं गं?"

"भाकर हाय का?"

म्हातारीनं टोपलं पुढं केलं. तेल नव्हतं, तिखट नव्हतं. साऱ्या वस्तीदेखत केवळाबाईनं तिथं बसून भागुबाईच्या हातची कोरडी भाकर खाल्ली. पाडवा आला आणि गेला. म्हातारीला जा म्हणायला कुणी आलं नाही. खायलाही कुणी आलं नाही, एक केवळाबाई सोडून. ती रोज जायची. दोघी फारसं बोलत नसत.

सुलाबाईनं मात्र त्या दिवसापासून केवळाबाईशी बोलणं टाकलं. विहिरीवर नाही, लग्नात नाही, मयतीत नाही. केवळाबाई कधी समजूत घालायला गेल्याचं कुणी पाहिलं नाही. तिला वाटायचं, सुलाबाईचं बरोबर आहे.

फक्त मेंढरू मेलं की सुलाबाई ते खांद्यावर घालून आणायची, केवळाबाईच्या दाराशी ठेवायची, आणि पाठ फिरवून उभी राहायची. केवळाबाई सुरी घ्यायची, उघडायची, बघायची, आणि त्या पाठीकडं बघत सांगायची, "काळजात किडे हायती. तळ्याकडं नेऊ नगं."

सुलाबाई मान हलवायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवशी तिचा कळप माळाच्या बाजूला दिसायचा.